उबेचा हिशेब : विरजण, कणीक आणि घड्याळ

मराठवाड्याच्या हवेला भूगोलाच्या पुस्तकात 'विषम' असे विशेषण लावलेले असते. परीक्षेपुरता तो शब्द पाठ करून आपण पुढे जातो. पण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या प्रत्येक गृहिणीला त्याचा अर्थ वर्षातून दोनदा नव्याने शिकावा लागतो. पौष-माघात लातूर, रेणापूर, अहमदपूर, नांदेड या पट्ट्यात पहाटेचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि रात्री लावलेले विरजण सकाळी उघडून पाहावे तो दूध तसेच पातळ असते. वैशाखात तोच पारा ४० अंश ओलांडतो आणि सकाळी लावलेले दही दुपारच्या पानावर येईपर्यंत आंबट होऊन पाणी सोडू लागते. दूध तेच, जामण तेच, हातही तोच. बदललेली असते ती केवळ ऊब.

ही ऊब हवी तेवढी आणि हवा तितका वेळ टिकवणारी विजेची छोटी उपकरणे आता बाजारात सहज मिळतात. कुणाच्या घरी दही लावण्याचे यंत्र असते, कुणाकडे दह्याचे बटण असलेला विजेचा कुकर असतो, तर कुणी पावाचे पीठ फुगवण्यासाठी आणि दही लावण्यासाठी एकच तापमान-नियंत्रित पेटी वापरतो. प्रस्तुत लेख त्यांपैकी कोणत्याही वस्तूची जाहिरात नव्हे. जैन कुटुंबात दही आणि भिजवलेले पीठ यांचा विचार चवीइतकाच वेळेच्या अंगानेही होतो. दूध केव्हा काढले, केव्हा तापवले, विरजण केव्हा लावले, पीठ केव्हा भिजवले, हे प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी रोज असतात. उबेवर नियंत्रण आले की वेळेवर नियंत्रण येते, आणि म्हणूनच हे उपकरण आपल्या घरांत विशेष विचार करण्याजोगे आहे, एवढेच मला मांडावयाचे आहे.

जुन्या घरांची ऊब

रेणापूर हे लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरील तालुक्याचे गाव; रेणुकामातेच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत परिचित असलेले. येथील जुनी घरे माळवदाची. हात-दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर अंथरलेला मातीचा जाड थर आणि आत अंधारे माजघर. अशी भिंत दिवसा हळूहळू तापते आणि रात्री हळूहळू निवते. त्यामुळे अंगणात पारा कितीही वरखाली झाला, तरी माजघरातला फरक थोडा असे. ज्या घरात आपण राहत होतो ते घरच एक प्रकारचे तापमान राखणारे उपकरण होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्यावर गृहिणींच्या युक्त्या होत्या. थंडीत दह्याचे गाडगे जोंधळ्याच्या कणगीत गळ्यापर्यंत पुरून ठेवीत. धान्याच्या दाण्यांमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. कुणी ते गाडगे वाकळीत गुंडाळून ठेवीत, तर कुणी चुलीच्या बाजूला कोमट राखेच्या आश्रयाला. उन्हाळ्यात याच्या उलट, ओल्या वाळूवर माठाशेजारी दही ठेवले जाई. या साऱ्या युक्त्यांमागे एकच सूत्र होते : विरजणाभोवतीची ऊब स्थिर राहिली पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने हे चित्र पालटले. दगडमातीच्या जड भिंती आणि मातीची छते कोसळून लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपण्याचा धीर कुणाला होईना. सिमेंटचे स्लॅब आणि पत्रे आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो बदल आवश्यकच होता. परंतु पातळ भिंतीचे आणि पत्र्याचे घर सूर्याबरोबर तापते व सूर्याबरोबरच गार होते. चुली गेल्या आणि गॅस आला, तेव्हा रात्रभर धुमसणारी राखही गेली. धान्याच्या कणग्यांच्या जागी पाच-दहा किलोचे डबे आले. म्हणजे ज्या गोष्टी न बोलता विरजणाची काळजी घेत होत्या, त्या एकेक करून घरातून निघून गेल्या. नवी पेटी भरून काढते ती हीच उणीव.

जामण आणि चक्रवाढ व्याज

दूध दह्यात कसे बदलते, हे थोडक्यात पाहू. जामणातील सूक्ष्म जिवाणू दुधातील साखरेचे, म्हणजे लॅक्टोजचे, लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्लता वाढत जाऊन एका ठरावीक मर्यादेला पोहोचली की दुधातील केसीन हे प्रथिन एकत्र येऊन जाळे विणते आणि त्या जाळ्यात पाणी व स्निग्धांश अडकतात. तेच दही. १९०५ मध्ये स्टॅमेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हा येथे आपल्या देशातील दह्यामधील जिवाणू ओळखला आणि पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेचनिकॉफ यांनी दह्याच्या गुणांचा मोठा पुरस्कार केला. पाश्चात्त्य देशांत 'योगर्ट' घराघरांत पोहोचले ते त्यानंतर. आपल्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघरी रोज विरजण लागत होते.

बँकेत ज्यांची हयात गेली त्यांना जामणाची वाढ चटकन समजते, कारण ती चक्रवाढ व्याजासारखी असते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. येथे ऊब म्हणजे व्याजाचा दर. समजा, अनुकूल उबेत ही संख्या दर ४० मिनिटांनी दुप्पट होते. ४ तासांत ६ वेळा दुप्पट होऊन मूळ संख्येच्या ६४ पट झाली. थंडीमुळे तेच दुप्पट होणे २ तासांवर गेले, तर त्याच ४ तासांत ती केवळ ४ पट होईल. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत; पण थंडीत जामण जास्त घालूनही दही का लागत नाही, हे त्यावरून कळते. मुद्दल दुप्पट केल्याने दराची तूट भरून निघत नाही. उलट जास्त जामणाने दही लवकर आंबट आणि चरचरीत होते. थंडीत वाढवायची असते ती ऊब.

मात्र दर हवा तितका चढवता येत नाही. ५० अंशांच्या पुढे बहुतेक जामण निकामी होऊ लागते. बाजारातील योगर्टसाठी वापरले जाणारे जिवाणू ४२ ते ४५ अंशांत उत्तम वाढतात. आपल्या घरच्या जामणात मात्र मिश्र वस्ती असते आणि दह्याला लोण्यासारखा मंद सुगंध देणारे जिवाणू सुमारे ३० अंशांना अधिक सुखावतात. म्हणून घरच्या जामणासाठी ३६ ते ३८ अंश हा मधला मार्ग मला योग्य वाटतो. त्यात दही साधारण ५-६ तासांत लागते आणि चवीला घरचेच राहते.

येथे प्रत्येक जैन वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहील, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. दह्यात जिवाणू वाढतात हे सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिले असताना दही घ्यावे काय? आपल्या शास्त्रकारांनी दही सरसकट त्याज्य ठरवलेले नाही. त्याला काळाची मर्यादा घातली आहे. दिगंबर परंपरेत ती सामान्यतः २४ तासांची मानली जाते. श्वेतांबर परंपरेत दोन रात्री उलटलेले दही अभक्ष्य समजतात. गणना नेमकी केव्हापासून करावी, हे आपापल्या परंपरेतील जाणत्यांना विचारून घ्यावे. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, पेटीमुळे ही मर्यादा वाढत नाही. फ्रिजमुळेही वाढत नाही. फ्रिजमध्ये दही तीन दिवस चवीला चांगले राहते, म्हणून ते तीन दिवस मर्यादेत राहिले असे होत नाही. पेटीचा उपयोग याच्या नेमका उलट आहे : साठवण्याची गरजच कमी करणे.

पेटीची रचना

पेटी दिसते तितकी गूढ नाही. आत उष्णता देणारी एक पट्टी, तापमान मोजणारा संवेदक आणि ठरवलेला अंश गाठताच वीज तोडून तो खाली येताच पुन्हा जोडणारा नियंत्रक, एवढेच तिचे अवयव. यालाच थर्मोस्टॅट म्हणतात. १८३० मध्ये अँड्र्यू यूर यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीचा उपयोग करून असे साधन तयार केले आणि त्याला हे नाव दिले. दोन धातू उष्णतेने कमीअधिक प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते आणि संपर्क सुटतो. आपल्या घरातली इस्त्री ज्या तत्त्वावर आपोआप बंद-चालू होते, तेच हे तत्त्व. नव्या पेट्यांत धातूच्या पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक असतो, त्यामुळे अंश अधिक काटेकोर राखला जातो.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. पहिला, दही लावण्याचे साधे यंत्र. यात बहुधा मंद उष्णता देणारी तबकडी असते. नियंत्रक असेलच असे नाही. खोली गार असेल तर आतले दूधही कमी तापते, आणि उन्हाळ्यात जास्त. दुसरा, दह्याची सोय असलेला विजेचा कुकर. यात दही चांगले लागते, पण भांडे एकच असल्यामुळे दुपारच्या वरणभाताची अडचण होते. तिसरा, खास पीठ फुगवण्यासाठी आणि दही लावण्यासाठी बनवलेली पेटी, जिच्यावर आपण अंश स्वतः ठरवतो. परदेशात घडी घालून ठेवता येणाऱ्या अशा पेट्या मिळतात. त्यांच्यातील एका परिचित पेटीवर २१ ते ४९ अंशांपर्यंत कोणताही आकडा लावता येतो. थंड देशांत राहणारी आपली मुलेबाळे हे काम बंद ओव्हनमधला छोटा दिवा लावूनही भागवतात.

ज्यांना खर्च करावयाचा नाही त्यांनी जाड झाकणाच्या कॅसरोलमध्ये दह्याचे भांडे ठेवून शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवावी. तीन-चार तासांनी पाणी बदलावे. ही एक प्रकारची विजेविना चालणारी पेटीच होय. पूर्वी काही जण खोक्यात ४० वॅटचा दिवा लावून ऊब आणीत. आता घरोघरी एलईडी आले. त्यांना उजेड पुष्कळ, पण ऊब नाही, त्यामुळे तो उपाय मागे पडला.

विजेचा हिशेब करून पाहणे हा माझा जुना स्वभाव. समजा, पेटी १०० वॅटची आहे आणि चांगली बंदिस्त असल्यामुळे एकूण वेळेच्या एक तृतीयांश काळच वीज घेते. ५ तासांच्या विरजणाला सुमारे ०.१७ युनिट, म्हणजे एका युनिटचा सहावा भाग लागेल. युनिटचा दर ९ रुपये धरला तर खर्च दीड रुपया. प्रत्येकाने आपल्या बिलातील दर घालून हे गणित करून पाहावे. पेटीची किंमत वसूल होण्याचा प्रश्न वेगळा; तो केवळ रुपयांत सुटणारा नाही, हे पुढील परिच्छेदावरून लक्षात येईल.

दिवसाउजेडीचे दही

माझ्या मातोश्री ८९ वर्षांच्या आहेत. अनेक वर्षे त्यांचे एकाशन चालू आहे. दुपारी एकदाच बसावयाचे, ज्वारीची मऊ भाकरी, एखादी भाजी आणि त्याच दिवशी लागलेले दही. दह्याच्या बाबतीत त्यांचा नियम पक्का आहे. दात नसलेल्या या वयात दही हाच त्यांच्या आहारातील मोठा आधार. थंडीच्या दोन महिन्यांत सकाळचे विरजण दुपारी दीडपर्यंत लागत नसे, आणि मग त्या काही न बोलता दह्यावाचून ताटावरून उठत. 'रात्रीचे घ्या' असे म्हणण्याची आमची छाती नव्हती आणि तसे म्हणणे उचितही नव्हते. अशक्तपणा वाढू लागल्यावर डॉक्टरांनी आहार सुधारण्यास सांगितले, तेव्हा घरात पेटी आली. आम्ही तिला 'उबपेटी' म्हणू लागलो.

आता क्रम असा असतो. आमच्या भागात देवणी गायी आणि मराठवाडी म्हशी यांची परंपरा आहे. जवळच्या गोठ्यातून सकाळी धारोष्ण दूध येते. दूध काढल्यापासून ४८ मिनिटांच्या आत ते गाळून तापवण्याचा दंडक पाळणाऱ्या घरांना खेड्याच्या जवळ राहण्याचा हा लाभ अजून आहे. दूध नुसते वर येईपर्यंत न तापवता मंद आचेवर आणखी काही मिनिटे उकळत ठेवावे. सुमारे ८५-९० अंशांत दुधातील दुसऱ्या प्रकारची प्रथिने उलगडून केसीनला चिकटतात. त्यामुळे दही घट्ट लागते आणि पाणी कमी सुटते. मग बोटाला सोसवेल इतके, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, निववावे. सकाळी ८ च्या सुमारास अर्ध्या लिटरला अर्धा चमचा जामण घालून पेटी ३७ अंशांवर ठेवली की दीडच्या आत दही तयार असते. लागताच ते बाहेर काढून गार जागी ठेवावे. पेटीत राहिले तर आंबत जाते.

ज्या व्रती व्यक्ती कालच्या दह्याचे जामण घेत नाहीत, त्यांच्या घरी नारळाची स्वच्छ नरोटी, देठासह लाल मिरची किंवा चांदीचे नाणे दुधात ठेवून दही लावण्याची रीत आहे. वनस्पतींच्या पृष्ठभागावर दूध आंबवणारे जिवाणू स्वभावतःच असतात. मिरचीच्या देठाने दही लागते ते बहुधा त्यामुळे. मात्र येथे मुद्दल अत्यल्प असल्यामुळे वेळ बराच लागतो, कधी दहा-बारा तास, कधी त्याहूनही अधिक. इतका काळ हवेच्या भरवशावर दूध ठेवले तर ते दही होण्याऐवजी नासण्याचा धोका असतो. स्थिर उबेचा खरा उपयोग या पद्धतीत सर्वाधिक जाणवतो.

आणखी एक सूचना मराठवाड्याच्या संदर्भात आवश्यक वाटते. धपाटे आणि दही ही आपल्या भागाची आवडती जोडी. परंतु धपाट्यात डाळीचे पीठ असेल तर कच्च्या दह्याबरोबर ते द्विदल होते. दही घरचे, ताजे आणि मर्यादेतील असले तरी हा दोष टळत नाही. अशा वेळी धपाटे केवळ ज्वारी व गव्हाच्या पिठाचे करावेत. कढीसाठीही ताक आधी चांगले तापवून मगच त्यात डाळीचे पीठ घालण्याची अनेक घरांतील रीत याच विचारातून आलेली आहे.

पावाचा प्रश्न

दह्याबाबत घरात एकमत होते. पावाबाबत तसे नव्हते, आणि अजूनही पूर्णपणे नाही. 'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि पदार्थही. गोव्यात पोदेर मंडळी पूर्वी पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर, म्हणजे ताडीचा प्रकार, वापरीत. जुन्या जैन घरांत पाव वर्ज्य मानला गेला तो उगाच नव्हे. आज सुरीची जागा यीस्टने घेतली आहे. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ती पिठातील साखरेपासून कर्बवायू तयार करते, त्याने पीठ फुगते. सोबत थोडा अल्कोहोलही तयार होतो, जो भाजताना बहुतांशी उडून जातो. ही माहिती जशी आहे तशी वाचकांसमोर असावी. ती वाचून ज्यांना पाव नको वाटेल त्यांनी तो घेऊ नये. त्यांच्या निर्णयाचा मी आदर करतो.

तथापि वस्तुस्थिती अशी की, पुण्या-मुंबईतच नव्हे तर तालुक्याच्या गावांतही पाव मुलांच्या डब्यात पोहोचला आहे. बेकरीतील पाव केव्हा भिजवला, केव्हा भाजला आणि त्यात काय घातले, हे आपल्याला कळत नाही. माझ्या सुनेने यावर मार्ग काढला. मुलांना पाव हवाच असेल तर तो घरी व्हावा आणि त्याचे घड्याळ आपल्या हाती असावे. तिने ठरवलेले नियम तीन : पीठ सूर्योदयानंतरच भिजवायचे, पाव सूर्यास्तापूर्वी संपवायचा आणि उद्यासाठी काहीही ठेवायचे नाही.

पेटीशिवाय हे हिवाळ्यात अशक्य होते. थंडीत पीठ फुगायला पाच-सहा तास लागतात, म्हणूनच सर्वसाधारणपणे ते रात्रभर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आणि रात्रभर भिजलेले पीठ आपल्याकडे बासी ठरते. पेटीत २७-२८ अंशांवर तेच काम पहिल्या खेपेस दीड तासात आणि साच्यात घातल्यावर पाऊण तासात होते. अर्धा किलो कणीक, सव्वातीनशे मिलीलिटर कोमट पाणी, एक चमचा यीस्ट, दोन चमचे साखर, चमचाभर मीठ आणि दोन मोठे चमचे तेल, एवढे साहित्य दोन लहान पावांना पुरते. सकाळी ९ ला भिजवले तर भाजण्याच्या अर्ध्या-पाऊण तासासह साडेबारापर्यंत पाव तयार होतो. यीस्ट कोमट पाण्यातच मिसळावे. ६० अंशांच्या जवळचे पाणी त्याला मारक ठरते. पेटी ३५ अंशांच्या पुढे नेऊन घाई केली तर पाव फुगतो खरा, पण त्याला आंबूस वास येतो आणि पोत भुसभुशीत होतो. नुसत्या कणकेचा पाव मैद्याइतका हलका होत नाही, हेही आधीच समजून असावे. बन्सीसारख्या कठीण गव्हाचे पीठ पोळीला जितके उत्तम, तितके पावाला नव्हे.

हल्ली यीस्टऐवजी पीठ आणि पाणी यांचे आंबवण दिवसेंदिवस जोपासून त्यावर पाव करण्याची आवड वाढते आहे. त्याचे गुण पुष्कळ सांगितले जातात. परंतु ते आंबवण आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवावे लागते, रोज त्यात नवे पीठ घालावे लागते. आमच्या घरच्या नियमात ते कोठेच बसत नव्हते, म्हणून सूनबाईंनी तो विचार सोडून दिला. पेटी सारे काही करू शकते म्हणून सारे काही करावे असे नाही.

मातोश्री या पावाला हात लावीत नाहीत. मात्र पेटी सुरू झालेली दिसली की, 'किती वाजता भिजवलंस गं?' एवढे त्या नातवाच्या आईला जरूर विचारतात. त्या प्रश्नात मला नाराजीपेक्षा पहारा अधिक वाटतो, आणि असा पहारा घरात असणे हे मी भाग्य समजतो.

घेताना आणि वापरताना

पेटी घेण्यापूर्वी तिच्यावर अंश ठरवता येतो की नाही, हे प्रथम पाहावे. 'दही' असे एकच बटण असलेले यंत्र पिठासाठी निरुपयोगी असते, कारण दह्याला लागणारी ऊब पिठाला जास्त होते. पहिल्या दिवशी पेटीत पाण्याचे भांडे ठेवून स्वतंत्र तापमापकाने मोजून पाहावे. पेटीवरचा आकडा आणि आतल्या पाण्याचा आकडा यांत दोन-तीन अंशांचा फरक निघू शकतो. हवा गार असेल तर पेटी आधी दहा मिनिटे चालू करून ठेवावी.

भांडे काचेचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे असावे. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही कळकते, हे आपण जाणतोच. झाकण घट्ट बसणारे असावे; त्यावर जमलेले बाष्प पुसून घ्यावे. सूक्ष्म जंतू, मुंग्या आणि चिलटे यांपासून जपण्यासाठी पेटी रोज कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि दारे उघडून वाळू द्यावी. ऊब अधिक टिकावी म्हणून चालू पेटीवर गोधडी टाकू नये. नियंत्रक आणि वायर यांना हवा लागते. दही आणि पीठ एकाच वेळी एका पेटीत ठेवू नयेत. दोघांचे अंश वेगळे, आणि यीस्टचा संसर्ग दह्याला झाल्यास दह्याला फेस व वास येतो.

वीज गेली तर घाबरू नये. बंद पेटी आपली ऊब काही काळ राखून ठेवते. झाकण वारंवार उघडून पाहिल्यानेच ती लवकर जाते. आणि एक महत्त्वाची गोष्ट : या पेट्या बहुधा गरम करतात, थंड करीत नाहीत. चैत्र-वैशाखात रेणापुरात खोलीच ३७-३८ अंशांवर असते, तेव्हा पेटी बंद करून ठेवावी आणि दही माठाशेजारी ओल्या फडक्यावर लावावे. त्या दिवसांत आजीची युक्ती यंत्राहून सरस आहे.

नवी पेटी आणल्यावर एक छोटी वही शेजारी टांगून ठेवावी, अशी माझी वाचकांना विनंती आहे. त्यात तिथी, दूध तापवल्याची वेळ, विरजण लावल्याची वेळ, पेटीचा अंश आणि दही लागल्याची वेळ अशा पाच नोंदी कराव्यात. ऋतू बदलला की अंश किती बदलावा, हे महिन्याभरात त्या नोंदीच सांगू लागतात. शिवाय घरातील कोणत्याही व्रती व्यक्तीला, पाहुण्याला किंवा आहारासाठी आलेल्या त्यागींना 'हे केव्हाचे?' या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागत नाही. वही उघडून दाखवता येते. पाणी गाळण्याची आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याची काळजी जशी आपल्या घरांत सहज घेतली जाते, तशीच ही नोंदही सवयीची व्हावी.

जय जिनेंद्र.